पंधरा मिनिटं

तेवीस दिवस झाले, सारेनिना गावात
दर नऊ-दहा मिनिटांनी राउटरचा हिरवा दिवा नारिंगी होतो,
मग लाल,
मग सगळं पहिल्यापासून.
विर्वेच्या नातीची शाळा वाक्याच्या मधोमध थिजते.
उर्मासचं करविवरण तीनदा अर्ध्यात बुडालं.

कार्डलाहून मी दोनदा येऊन गेले.
नवा राउटर दिला, खांबावर चढून जोड घासले.
दोष माझ्या सामानात नाही
हे सांगायला गेले, तर ऐकतो कोण.

तोवर गावाने आपापले आरोपी ठरवले होते.
उर्मासच्या सॉनाची भट्टी.
विर्वेच्या खिडकीतला नाताळचा तारा,
एप्रिल उजाडला तरी उतरवला नाही म्हणून.
लात्वियाहून आणलेला कुणाचा तरी स्वस्त चार्जर.
एकाने तर दीपगृहावर खापर फोडलं,
जे बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिसऱ्या खेपेला, मंगळवारी, खिशात जुना रेडिओ आणला.
मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधली जागा लावायची,
जिथे कुणीच बोलत नाही,
आणि चालत राहायचं.
ठिणगीला एक पट्टी पुरत नाही.
ती सगळ्या पट्ट्यांत एकदम ओरडते.

जुनिपरच्या झुडपांखाली बर्फाची मळकी ठिगळं.
चर्र.
नऊ मिनिटं थांबले, बोटं बधिर.
पुन्हा चर्र, आता डावीकडून.
एंडेलच्या फाटकाशी इतका मोठा, की त्याचं कुत्रं उठून उभं राहिलं.

एंडेलकडे राउटरच नाही.
म्हणून त्याला कुणी विचारलंही नव्हतं.
“काय बंद पडलंय?”
“इंटरनेट.”
“कुणाचं?”
“सगळ्यांचं.”
“बरं,” म्हणाला, आणि कॉफी ठेवली.

मागच्या खोलीत प्लायवुडची पेटी, सोव्हिएत काळातली,
बिजागरीच्या जागी चामड्याचा पट्टा.
आत बदकाची अकरा अंडी,
प्रत्येकावर पेन्सिलीने एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल.
थर्मोस्टॅटची जीभ तापली की सुटायची,
निवली की चिकटू का नको करत
कितीतरी वेळ थरथरायची,
आणि त्या थरथरीत निळी ठिणगी,
तांदळाच्या कणीएवढी.
तिने एकवीस घरं अडवून धरली होती.

नियम साधा आहे: सापडलं की बंद करायचं.
हात प्लगपर्यंत गेलाही.
एंडेल बोलला नाही काही.
एक अंडं उचललं, टॉर्चवर धरलं.
आत बहुतेक अंधारच,
कडेला लाल शिरांचं जाळं,
एकही जोड न गंजलेलं.
मग तो अंधार हलला.

“पाच दिवस राहिलेत,” तो म्हणाला.
“बदकी रोज घरटं सोडून उठते. पाणी पिते, पंख भिजवते.
पंधरा मिनिटं.
तेवढा गारवा सोसतो त्यांना.”

एक कपॅसिटर, एक रेझिस्टर,
सोल्डरिंगची कांडी गाडीत असतेच.
तो भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहून
मिनिटं मोठ्याने सांगत होता,
त्याने माझा हात जास्तच कापत होता.
अकराव्याला डाग थंड झाला.
बाराव्याला प्लग लावला.

रेडिओ कानाशी. जीभ सुटली. जीभ चिकटली.
काही नाही.
रिकामी जागा रिकामीच.

अहवालात कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय:
हवामान, खोदकाम, ग्राहकाचं उपकरण.
तिसरा निवडला. तो आमचा ग्राहक नाही, तरी.

रविवारी सकाळी फोन आला.
एंडेल बोललाच नाही, रिसीव्हर कुठेतरी टेकवला असावा.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक् टक्.
सवयीने मी सेकंद मोजायला घेतले.
जमेना.
ते एकाच अंड्यातून येत नव्हतं.