बारदान वजा जाता

दोन किलो एकशे ऐंशी.
सिस्टरनं सांगितलं आणि कागदावर उतरवलंसुद्धा.
मी काट्याकडंच बघत राहिलो.
लाल आकडे अजून हलत होते,
एकशे सत्तर, एकशे नव्वद, परत सत्तर,
कारण ती पाय झाडत होती.

सतरा वर्षं लातूरच्या अडतीत मापाडी आहे मी.
काटा थांबल्याबिगर आकडा बोलायचा नाही
एवढी एक गोष्ट मला येते.
"थांबा सिस्टर," म्हणालो.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मी खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी नव्वद ग्रॅम कमी भरली.
डॉक्टर म्हणाले, उतरतंच, सगळ्यांचंच उतरतं.
उतरणं मला ठाऊक आहे:
ओली तूर उन्हात पसरली की उतरते,
पोत्याला भोक असलं की उतरते,
आणि कडता कापला की
न सांडता, न सुकता उतरते.
हिचा कडता कुणी कापला?
रात्रभर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून
नव्वद ग्रॅम म्हणजे किती ते आठवत होतो.
दोन मुठी तूर.
माझ्या मुठीनं.

अडतीत पेढे नेले.
मुनीम सोपानरावांनी खोका उघडता उघडता विचारलं, "पोरगा?"
"पोरगी."
"मग बर्फी आणायची असती," म्हणाले,
आणि तरी दोन पेढे उचलले,
एक तोंडात, एक नातीसाठी रुमालात.
खादरभाईनं पाठीवरचं पोतं थप्पीला लावलं,
हात पायजम्याला पुसले,
आणि एवढंच विचारलं, "तिची आई बरी आहे ना?"
तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी शेवटच्या गाडीनं सासुरवाडी.
दाराशीच सासूबाई पाणी ओततात,
कोपरापर्यंत हात, मग तोंड, मग परत हात.
तुरीची धूळ साबणाला दाद देत नाही.
भुवयांत, कानामागं, घड्याळाच्या पट्ट्याखाली
बिऱ्हाड करून राहते.
आत ओव्याचा धूर, बाजेखाली शेगडी,
दैवशाला कानाला फडकं बांधून पडलेली.
"भाव काय निघाला?" विचारते,
घरी रोज विचारायची तसं.
मी भाव सांगतो.
ऐकता ऐकताच ती झोपते.

लेकीची टाळू उडते.
तिथं अजून हाड नाही म्हणतात,
रोज सकाळी तेल भरतात.
मी हात नेतो आणि वरच धरून ठेवतो,
टेकवत नाही.
काटा थांबायची वाट बघायची सवय.
हा थांबायचा नाही.
थांबू नये.

चौदाव्या दिवशी आशाताई आल्या,
पिशवीतून कापडी झोळी आणि हातकाटा काढला.
"आधी शून्य बघा ताई," मी म्हणालो.
बघितलं.
"झोळीचं बारदान वजा करा."
ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या,
शेळ्या सोडायला निघालेला मेहुणाही थांबून हसला.
ताई हसल्या नाहीत.
लेकरू काढून माझ्याकडं दिलं,
नुसती झोळी टांगली, वाचली, वहीत लिहिली,
मग परत लेकरू घेतलं.
निव्वळ दोन किलो तीनशे दहा.

खिशातून अडतीचं पावतीपुस्तक निघालं, सवयीनं.
वजन लिहिलं.
मालाचं नाव या रकान्यावर पेन अडला,
बारसं व्हायचं होतं अजून.
विकणार, घेणार,
या दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली,
एवढी दाबून
की खालच्या कार्बन कागदाला भोक पडलं.

पावती दैवशालाच्या उशाखाली सरकवली
आणि लेकीला उचललं.
ती शिंकली.
दोनदा.
आतून सासूबाई ओरडल्या, "हात धुतले का?"
धुतले होते.