कवळी

कवळी त्यांनी स्वतःच काढून दिली, न मागता,
होडीत पाय टाकण्याआधी माणूस बूट काढून
किनाऱ्यावरच्याच्या हाती देतो तशी.
मी डबीवर पट्टी चिकटवली :
एलेओदोरो कात्रिलेफ, वय एक्क्याण्णव.

लेक म्हणाली, डोळे पिवळे झालेले कळलेच नाहीत,
स्वयंपाकघरातला दिवाच तसा आहे.
कळलं ते खाजेनं.
रात्र रात्र लाकडी डावानं पाठ खाजवत बसायचे.

वाल्दिव्हियाच्या नदीवर, गाळ उपसायच्या बोटीवर
चाळीस वर्षं काढलेला माणूस.
संमतीच्या कागदावर सही करता करता
डॉक्टर हावरबेकना विचारतो,
"मुखाशी किती रुंद आहे?"
बाई हसल्या नाहीत. करंगळी दाखवली.
"हिच्याहून पुष्कळ कमी."

मग पालथे, गाल एका कुशीला,
दात नसलेल्या तोंडात प्लास्टिकची कडी बसेना,
ती मी बोटानं धरून ठेवलेली.
शिशाचा एप्रन. अंधार. पडद्यावर ओली लाल घडी
आणि तिच्यात तिळाएवढा उंचवटा, कोरडा.

तार माझ्या हातात असते.
तीनदा ती स्वादुपिंडाकडे वळली.
"मागे," बाई म्हणाल्या, तीनदा, एकाच आवाजात.
चौथ्यांदा गेली.
डोळ्यांआधी ते बोटांना कळतं,
कसं, ते मला शिकाऊ पोरींना अजून सांगता येत नाही.

औषध सोडलं : एक काळं झाड उमटलं,
त्यात पाच पांढरी भोकं.
फुग्यानं चार खडे ओढले, मागोमाग पू,
मग पित्त, घट्ट, हिरवंकाळं, वर्षभर तुंबलेलं.
पाचवा जर्दाळूच्या बीएवढा.
टोपलीत यायचा, निसटायचा.
अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी.
भूलतज्ज्ञ काही बोलला नाही,
प्राणवायूचा आकडा फक्त आमच्याकडे वळवला.

"नळी ठेवू या."
"अजून एकदा?" नवा डॉक्टर.
"राहू दे त्याला तिथं. बाजूनं वाहू दे."

पूर्वी मला हे हरणं वाटायचं.
खरं सांगायचं तर अजूनही वाटतं,
हातमोजे काढताना, क्षणभर.

दुपारी खिडकीतून समुद्रसिंहांचं भुंकणं येत होतं,
मासळीबाजाराशी डोकी मागणारे ते लठ्ठ आळशी.
त्यांनी डोळे उघडले.
"सगळं निघालं?"
"एक राहिला. तीन महिन्यांनी नळी बदलायला या."

बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"कोर्रालच्या तोंडाशी एक खडक होता.
चाळीस वर्षांत निघाला नाही.
जहाजं त्याला वळसा घालून जायची.
आम्ही त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं."
"काय?"

ओठ हलले, हवा आली, नाव आलं नाही.
हिरड्यांवर शब्द घसरत होता.
मग रागानं हात पुढे केला माझ्याकडे,
पंजा उघडा.
डबी अजून माझ्याच खिशात होती.