तिसरी पट्टी

आमच्या टेकडीवर तीन तारा होत्या.
एक मेंढवाड्यापाशी, एक चर्चच्या कुंपणामागे,
तिसरी खाली, कड्याच्या अगदी टोकाला,
जिथं वारा माणसाला उभं राहू देत नाही
आणि दुरुस्तीला कुणी खुशीनं जात नसे.

फेरो बेटांवर झाड नाही,
तारांचे खांबसुद्धा नॉर्वेहून जहाजानं आलेले.
गावातल्या बायका विचारत, रन्वा,
ऐकायचं एकच, तर कान तीन कशाला गं?

मी सांगायचे,
ग्रीनलंडहून निघालेला शब्द एकाच वाटेनं येत नाही.
एक लाट आभाळाच्या छताला लागून उतरते,
दुसरी छत, समुद्र, पुन्हा छत, अशी ठेचकाळत.
दोघी खरंच बोलतात.
पण एकीचं पाऊल वर असताना दुसरीचं खाली पडलं
की दोन खऱ्यांची बेरीज शून्य.
शब्द बुडतो.
आणि त्याच क्षणी, तीनशे पावलांवर,
तोच शब्द पाण्यावर डोकं काढून असतो.
सगळ्या तारा एकदम बुडत नाहीत.
सहसा.

बायका माना हलवत, लोकर विणत राहत.

मार्चची रात्र. आभाळात हिरवे पडदे हलत होते,
आणि आभाळ असं देखणं झालं की बहिरं होतं.
तीन यंत्रांच्या तीन लेखण्या
कागदाच्या तीन पट्ट्यांवर थरथरत होत्या.
गावच्या जहाजावरून निरोप:
लाटेनं एक माणूस नेला. नाव

आणि मग सगळं ओसरत गेलं.
मी पुन्हा पुन्हा हाक घातली. उत्तर नाही.

पहिल्या पट्टीवर: हान्स.
दुसरीवर: हा, आणि पुढे शाईची सरळ रेघ.
तिसरीवर नुसता गोंगाट,
कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालावं तसा.

हान्स माझा भाऊ.

जहाजावर हानुसही होता,
सुन्वाचा एकुलता. माझ्या दाराशी दूध ठेवून जायचा,
किटलीच्या झाकणावर दगड ठेवून.
दोन नावांमध्ये एका अक्षराचं अंतर:
टिंब, टिंब, रेघ.

मी तिसरी पट्टी दिव्यापाशी धरली
आणि मला टिंब दिसलं.
मग भीती वाटली, कारण मला ते दिसायला हवं होतं.
बुडत्याला काडी दिसतेच.

मी बार्दुरला उठवलं.
नावं सांगितली नाहीत. म्हटलं,
या एवढ्या तुकड्यात काय आहे ते वाच.

त्यानं तिन्ही पट्ट्या खिडकीच्या काचेवर लावल्या,
मागे कंदील.
आधी सरकवत बसला, इकडे केसभर, तिकडे केसभर,
खुणेवर खूण येईपर्यंत.
पावलं जुळल्याशिवाय बेरीज करू नये, म्हणाला.
मी म्हटलं, दोन जणी गप्प आहेत, एकच बोलतेय.
म्हणाला, हे काय मतदान आहे?
इथं बघ. पहिलीची आधीची खूण केवढी, नंतरची केवढी.
मधे ती बुडाली होती.
बुडालेल्याच्या गप्प बसण्याला वजन देऊ नये.
आणि ही तिसरी एरवी बडबडी,
पण या तीन श्वासांपुरती स्वच्छ आहे.
तेवढ्यापुरतं तिचं ऐक. पुढे नको.

टिंब. टिंब. रेघ.

त्यानं विचारलं, ठीक?
मी कोट चढवला.

सुन्वाच्या घरापर्यंतची वाट उताराची आहे.
माझे पाय हलके पडत होते,
आणि मी त्यांना जड करत चालले,
दर पावलाला, मुद्दाम.
तिचा कुत्रा भुंकला नाही, मला ओळखत होता.
तिनं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं
आणि विचारलं, नक्की?

मी हो म्हटलं.
तीन पट्ट्यांची गोष्ट सांगितली नाही.

आता यंत्र आपलं आपण जुळवतं,
वजन देतं, बेरीज करतं,
एकच स्वच्छ पट्टी बाहेर पडते.
पण कड्यावरच्या तारेचा गंज खरवडायला
दर उन्हाळ्यात मीच जाते.
परतताना सुन्वाच्या दाराशी दूध ठेवते,
झाकणावर दगड.