एका हाताने

कुताइसी. फेब्रुवारी. व्यायामशाळेतली गॅसची शेगडी
नुसतीच फुरफुरते, ऊब देत नाही.
भिंतीला टेकून अठरा मुली, मांडीवर कागद,
दोघींत मिळून एक पेन्सिल.

प्रश्न सातवा: आपल्या वयाच्या मुलींच्या मानाने
तुम्ही स्वतःला किती तंदुरुस्त समजता?
एक ते दहा. गोल करा.

तेकलेने आधी चारला गोल केला असावा,
खोडरबराचा मळ अजून तिथेच आहे.
मग तीन. मग दोन, इतका दाबून
की मागच्या पानावर उमटला.
शेजारच्या नुत्साने नऊभोवती सहज फिरवली पेन्सिल,
आणि मीही मनात म्हटलं, बरोबर.
वीस वर्षं माणसं मोजतेय,
तरी आधी डोळ्यांनीच मोजते.

मूठ दाबायचं यंत्र. नुत्सा: चोवीस किलो.
तेकले: एकेचाळीस.
"बिघडलंय हे," ती यंत्रालाच म्हणाली.
दुसऱ्या हाताने दाबलं. एकोणचाळीस.
"थोडं कमी लिहाल का?"

मग धावणं. वीस मीटर जा, वीस मीटर ये,
भोंगा वाजायच्या आत रेघ गाठायची.
दर मिनिटाला भोंग्याची घाई वाढते,
चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी.
तिसाव्या फेरीला नुत्सा बसली, हसत, पाणी मागत,
स्वतःवर जराही न रागावता.
तेही यायला हवं खरं तर.

पन्नासाव्याला चौघी. सत्तराव्याला तेकले.
पावलं, भोंगा, पावलं.
आणि डावा हात
पूर्ण वेळ
टीशर्टची कड पोटाखाली ओढून धरलेला.

तो हात सुटा असता तर आणखी किती फेऱ्या,
याचं कोष्टक माझ्याजवळ नाही.
सोड गं, म्हणावंसं वाटलं.
चाचणी चालू असताना बोलायचं नसतं.

ब्याऐंशीला थांबली. वाटेत लांब बाक होता,
आम्ही सकाळी दोघींनी मिळून ओढलेला.
तिने उजव्या हाताने तो बाजूला सारला,
डावा अजून कडेवरच,
आणि हळूच विचारलं,
"मागून कशी दिसत होते मी, धावताना?"

मागे कुणी उरलंच नव्हतं, तेकले.
पण हे मला सुचलं रात्री,
शेवटच्या मिनीबसमध्ये, रिओनीचा पूल ओलांडताना.
तेव्हा मी एवढंच म्हटलं,
कपडे बदल, घाम आलाय, सर्दी होईल.