हात लागलो

मी कोर्टातला दुभाषी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
आज पर्वरीला, हायकोर्टात, मागच्या बाकावर बसलोय.
अपिलात माझं नाव कुठेच नाही,
पण पान एकशे बारावर, सातव्या ओळीत
माझा शब्द आहे.

चोडणची शेवंतीबाय पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली होती:
"ताचो हात लागलो आनी उमाकांत मानशींत पडलो."
मी इंग्रजीत सांगितलं, त्यानं हात टाकला.
लागलो. लायलो.
ग चा य.
जेवणाची सुट्टी व्हायची होती, पंखा बंद,
स्टेनोबाईंची बोटं घाईत.
या सबबी मला तोंडपाठ आहेत.

त्या य वर इनास कार्दोज कोलवाळला गेला.
नऊ वर्षं.
मग कुणा नव्या वकील पोरीनं
हवालदाराची जुनी मराठी जबानी काढली,
तीत साधं लिहिलेलं: हात लागला.
तिनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.
इतकी वर्षं कुणी ठेवले नव्हते.

आमच्याकडे मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
आणि तिथल्या कोळंबीचा दरसाल लिलाव होतो.
तुमच्या मराठीत मानस म्हणजे मनातला बेत.
भांडण लिलावाचं होतं,
शिक्षा बेताची झाली.

शिक्षा रद्द, असं न्यायमूर्ती सकाळीच म्हणाले.
पाणी पिण्याइतक्या सहज.
दुपारभर आता एवढंच चाललंय,
की पुन्हा चालवायचा का?

सरकारी वकील म्हणतात, माणूस मेलाय,
चूक भाषांतराची, मेलेल्याची नव्हे.
खरं आहे.
पोरगी म्हणते, नऊ वर्षं भोगून झाली,
शेवंतीबाय गेल्या चवथीला वारली,
उलटतपासणी कुणाची घेणार, कागदाची?
सरकारच्या भिंतीला पडलेली फट लिंपायला
फेरखटला नसतो, माय लॉर्ड.
हेही खरं आहे, आणि मला दोन्हींचं भाषांतर येतं.

शेजारी उमाकांतची रत्नप्रभा.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत लिलावाची पावती,
त्याच्या सहीची, अजून.
हळूच म्हणते, "परत सगळें आयकूंक जाय?"
मी काहीच बोलत नाही.
जरा वेळानं,
"आनी चालयली ना जाल्यार
तो कसो मेलो तें कोण सांगतलो?"

शेवंतीबाय असती तर मीच ओरडलो असतो,
चालवा, उद्याच चालवा, फक्त दुभाषी बदला.
आता तो आवाज ऐकलेले कान किती उरले?
स्टेनोबाई कॅनडात लेकीकडे.
जजसाहेबांना कोकणी येत नव्हती.
इनासनं ऐकलं, पण त्याच्या ऐकण्याला किंमत नाही.
म्हणजे फेरखटला झालाच
तर साक्षीदार मी.

आणि शपथेवर सांगायचं तर
मला आठवत नाही.
तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात,
कठड्यावर वाजलेल्या.
अक्षर आठवत नाही.
ते दोन कागद पाहिले तेव्हापासून
ती माझ्या कानात ग च म्हणते,
दर रात्री, अगदी स्पष्ट,
आणि त्याच्या आधी नऊ वर्षं
ती तितक्याच स्पष्टपणे य म्हणत होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
कुणी विचारलंही नाही. दुभाष्याला
काय म्हणायचंय ते विचारायची पद्धत नाही.

हुकूम गुरुवारी.
सगळे उठले. खुर्च्या, फायली,
रत्नप्रभा फेरीची वेळ विचारते,
मी म्हणतो, शेवटची नाही अजून, मिळेल.
दारात गर्दी. दोन पोलिसांच्या मधून
इनास निघाला, केस पांढरे झालेला,
आणि जाता जाता
त्याचा हात माझ्या खांद्याला

रत्नप्रभा पाहत होती.
तिला विचारा.