ओलीचं वजन

सोमवारी एकाहत्तर सहाशे.
मंगळवारी बहात्तर चारशे.
मधे काय झालं? रात्र झाली.
एक भाकरी, वाटीभर मुगाची आमटी,
आणि त्याआधी चिकोडीच्या साखरपुड्यात
पानात पडलेलं लोणचं, पापड.
जिलेबीला तर मी हात आडवा धरला होता.

आठशे ग्रॅम.
एवढं मी जेवलेच नव्हते.

लेकीनं दिलेला काचेचा काटा
न्हाणीच्या दाराशी, फरशी सपाट आहे तिथं.
चढण्याआधी मी बांगड्या काढते,
केसातली पिन काढते,
श्वास सोडते, जणू त्याचेही पैसे लागतात.
आकडा थरथरतो, मग ठरतो.
मी नंतर बराच वेळ.

डॉक्टर मगदूम म्हणाले होते,
गुडघे वाचवायचे तर दहा किलो.
दहा किलो म्हणजे किती, हे मला सांगायला नको.
निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं काढली,
आधी चाळणीवर,
मग भुकटी छातीत बसली तेव्हा
तोलाराच्या शेजारी, वही धरून.

तोलार बाळगोंडा.
डाव्या हाताला एक बोट कमी, नजर दांडीवर.
थंडीतल्या पहाटे तंबाखू मऊ असायची,
वाकवली तशी वाकायची.
दुपारी तीच चुरचुरायची बोटांत.
पहाटेचा बोद जड, दुपारचा हलका.
मी नवी होते, घाबरून म्हटलं,
मामा, चोरी झाली, दीड किलो कमी भरतंय.
तो हसला नाही.
"पान तेवढंच हाय, पोरी.
ओल आली, ओल गेली.
ओल बाजूला लिही,
पानाच्या खात्यात घालू नको."

पुढं मीच हे तीन पोरींना शिकवलं.
आणि त्या मंगळवारी
आठशे ग्रॅमची शिक्षा म्हणून नाश्ता सोडला,
चहा सोडला,
आणि दुपारी फोडणीच्या भाताचं पातेलं
उभ्यानंच, ओट्याशी, खरवडून खाल्लं.
मग बसून रडले. शेंगदाणे दातात अडकलेले.

वखारीची एक वही घरी उरली होती,
लाल कापडाची, पाठीमागची पानं कोरी.
तीन रकाने आखले.
तारीख. भार. ओल.
तिसऱ्यात लिहू लागले:
लोणचं. झोप नाही. पोट साफ नाही.
गुडघा सुजलाय.
स्तवनिधीच्या चढापर्यंत चालले, पाणी फार प्याले.
नीलव्वानं होळगी दिली, एक.
(दोन. खोडून परत लिहिलं.)

रोजचा आकडा उड्या मारतो,
सुतळी सोडलेल्या करडासारखा.
शनिवारी सातांची बेरीज करून
सातानं भागते.
पहिला आठवडा एकाहत्तर नऊशे.
दुसरा एकाहत्तर पाचशे.
तिसरा सहाशे, वर.
चौथा एकाहत्तर शंभर.
करडू कुठंही उड्या मारू दे,
आई गोठ्याकडं चाललीय.

भिंतीपलीकडं नीलव्वा नातवाचा पाळणा हलवत असते.
कानडीत भाराला तूक म्हणतात,
तोलण्याला तूगणं,
आणि पाळणा हलवणं, तेही तूगणंच.
साठ वर्षं दोन्ही भाषा तोंडात
आणि हे मला या महिन्यात ऐकू आलं.
"तूक एष्ट आतव्वा?" ती भिंतीवरून विचारते.
मी म्हणते, थांब, अजून हलतंय.

आज एकाहत्तर नऊशे.
काल सत्तर नऊशे होतं.
जेवण तेच, झोप बरी, पाय ठीक.
तिसऱ्या रकान्यात पेन धरून बसले थोडा वेळ,
मग लिहिलं: माहीत नाही.

चहा केला. साखर अर्धा चमचा.
चपला घातल्या.