बाण धुराच्या दिशेने

बुधवार. अर्धी शाळा.
वानेस रात्रपाळीवरून येऊन चार तास झोपलाय,
अंगाला अजून जस्ताच्या भट्टीचा वास.
गराजमध्ये योरीननं वर्तमानपत्र अंथरलंय,
फुटबॉलचं पान वर,
आणि बसलीय, हातात दहाचा पाना.

पासष्ट सीसीची गाडी, स्टँडवर.
पूर्वी किक मारली की पाय परत फेकायची,
आता नुसतीच खाली जाते,
झोपेतल्या माणसानं हुं म्हणावं तशी.

पाणी सोडलं. टाकी. प्लग.
"हेडचे नट तिरके तिरके सोड," वानेस म्हणतो,
"एकाचे लाड, दुसऱ्यावर राग, असं नको."
"माहितीय. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

सिलिंडर हलेना.
रबरी हातोडीच्या दोन चापट्या,
मग सुटला,
चिखलातून बूट सुटावा तसा.
खालच्या उघड्या तोंडात तिनं लगेच चिंधी कोंबली,
स्वतःच्याच जुन्या पायजम्याची,
पिवळी बदकं असलेली.

पिस्टनवर उभे ओरखडे,
मांजर पडद्यावरून घसरत आल्यासारखे,
सगळे हवा आत येते त्या बाजूला.
वानेसनं नख फिरवलं. काही बोलला नाही.
वाळू रगडली तर तेल गळतं म्हणतात;
लोमेलच्या ट्रॅकवर उलटा हिशेब:
एका रविवारी फिल्टरला तेल लावायचं राहिलं
आणि वाळू थेट घरात.
कुणाकडून राहिलं, हे बोलणं तेव्हापासून टळत होतं.
"माझ्याकडून," योरीन म्हणते.
"माझ्याकडून," तोही, त्याच दमात.
मग दोघंही उगाच पाने पुसत बसतात.

नवा पिस्टन खोक्यातून निघतो, मुठीत मावणारा,
इतका स्वच्छ की धरायला संकोच वाटावा.
आधी रिंग एकटीच सिलिंडरात सोडायची,
टोकांमधल्या फटीत मापाचं पातं सरकवायचं.
अडकतं, ना अडकतं.
"बरोबर?"
"तूच सांग."
ती डोळे मिटून पुन्हा सरकवते.
"बरोबर."

गजनपिन बसली. सर्क्लिप बसता बसता
टुणकन उडाली.
दोघं जागच्या जागी दगड.
खाली क्रँककेसचा काळोख,
आणि वर चिंधी,
आणि चिंधीवरच्या एका बदकाच्या अगदी चोचीशी
ती चिमुकली तार.
वानेस इतका हसला की वरून बायकोनं विचारलं, काय झालं.

"माथ्यावरचा बाण?"
"धुराच्या दिशेनं."
"चिंधी?"
तिनं खिशातून काढून दाखवली.

गेल्या वर्षी सिलिंडर ती धरायची
आणि रिंगा तो चिमटीत दाबायचा.
आज न बोलता अदलाबदल झाली.
तेलानं माखलेली तिची बोटं, लांब,
कधी झाली ही लांब,
आणि सिलिंडर खाली येतो
एक सुस्कारा टाकून.

शनिवारी पेल्टहून माणसं येणारेत.
त्यांचा मुलगा सेपे, सात वर्षांचा.
योरीनचे गुडघे आता हँडलला लागतात,
वळणावर तर कोपरालाच.
जुन्या पिस्टनची झीज त्यानं मायक्रोमीटरनं मोजली होती;
हिची कुणी मोजत नाही,
दाराच्या चौकटीवर मागच्या उन्हाळ्यापर्यंतच्याच पेन्सिलखुणा आहेत.

दुसरी किक. तिसरी.
चौथीला पाय परत फेकला गेला,
पाचवीला गराजभर निळा गोड धूर,
शेजारच्या गुस्तनं खिडकी लावल्याचा आवाज.
तापवायची, थंड होऊ द्यायची. तीनदा.
मधल्या वेळात कागदातले बटाटे,
अँडलूज सॉस, एकच काटा.

दुसऱ्यांदा थंड होताना
ती पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडते,
फिल्टरच्या झाकणावर आतून चिकटवते
आणि लिहिते, ठळक अक्षरांत:
सेपे, दर वेळी तेल.
थोडं थांबून खाली,
हे मी विसरले होते.

वानेस वाचतो.
पेन मागतो.
"विसरले" खोडून "विसरलो" करतो,
आणि बटाट्यांच्या कागदाला हात पुसून
हातातल्या घड्याळात बघतो:
अजून सहा मिनिटं.